करपलेली साखर

आई गेल्यावर बाबांची अन्नावरची वासनाच उडाली. आठवणही दगा देऊ लागली. दिवसभर मी ऑफिसात, म्हणून अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या घरी त्यांना सांभाळायला त्रिनिदादची एक बाई ठेवली. दोन महिन्यांत बाबांचे गाल भरले. मी मात्र कौतुक करायचं सोडून स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. संशय हा माझा जुना आजार.

ती त्यांना तिच्या बेटावरचं रस्त्यावरचं खाणं करून घालायची आणि हात धुऊन त्यांच्यासोबतच जेवायला बसायची. दोन मऊ पुऱ्यांत छोले भरलेले डबल्स, वर जीभ पोळेल असा मिरचीचा सॉस. आणि पेलाव, आपल्या पुलावाचा लांबचा भाऊ: चिकन, तांदूळ, नारळाचं दूध, तुरीचे ओले दाणे. बाबा नागपूरकडचे. दाणे बघून म्हणाले, “अगं, हे तर सोले!” आई गेल्यापासून एखादा शब्द त्यांना आपणहून आठवला, तो पहिल्यांदाच.

एका दुपारी कॅमेऱ्यात दिसलं, बाई तेलात साखर ढवळतेय. साखर तपकिरी झाली, काळी झाली, धूर निघाला, तरी गॅस बंद करेना. वर त्यातच चिकन टाकलं. माझं डोकं फिरलं. लगेच फोन लावला.

“करपलेलं खायला घालता माझ्या वडिलांना?”

“मॅडम, पेलाव असाच करतात. आमच्याकडे…”

पुढचं मी ऐकलंच नाही. एजन्सीला सांगून त्याच दिवशी तिला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर शोधलं. त्रिनिदादमध्ये घरोघरी साखर अशीच जाळतात, रंग आणि चव तिथूनच येते. मला स्वतःची लाज वाटली. तरी माफी मागायला तीन आठवडे लावले. तोवर बाबा नव्या बाईचं ताट रोज तसंच ठेवू लागले होते आणि त्यांचे कपडे पुन्हा ढगळ व्हायला लागले होते.

ती फोनवर अगदी नीट बोलली, तेच जास्त लागलं. तिला दुसरीकडे काम मिळालं होतं, परत येणं जमणार नव्हतं. “साखर काळी होऊ द्या, मॅडम. घाबरून गॅस बंद करू नका,” एवढं मात्र समजावून सांगितलं.

रविवारी मी पेलाव केला. इंडियन स्टोअरमधून तुरीचे फ्रोझन दाणे आणले. साखर काळी झाली, स्मोक अलार्म बोंबलला, तरी गॅस चालू ठेवला. रंग थेट तिच्या पेलावासारखा आला. बाबांसमोर ताट ठेवलं. वास घेऊन ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. हात मात्र मांडीवरच.

“बाबा, जेवा ना.”

“जेवतो की. ती हात धुऊन येतेय ना? तिला येऊ दे. तिच्याआधी सुरुवात केली तर बरं दिसत नाही.”

पेलाव गार झाला. बाबांनी त्या दिवशी एक घासही घेतला नाही.