ढगातली टाळी

बायको मला हाका मारत होती, त्या मला स्पष्ट ऐकू येत होत्या आणि मी ओ दिली नाही. भोवती ढग इतका दाट होता की स्वतःचे बूटही दिसत नव्हते. पुढं कुठंतरी कडा होता, मी वाट चुकलो होतो, आणि तरीही तोंड मिटून उभा होतो. चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण ही सगळ्यांत मोठी, आणि ती मी देवाच्या नावावर केली.

आता मुळापासून सांगतो. मी पूर्णेचा. सगळी नोकरी स्टेशनच्या चौकशी खिडकीत गेली. विचारणाऱ्याला एक वाक्य हवं असायचं, मी चार द्यायचो. तो अकोल्याला कशाला चाललाय, तिथं पाहुणे कोण, पोरीचं जमलं का, हेही विचारून घ्यायचो. माझ्याशी बोलता बोलता काही जणांच्या गाड्या सुटल्या असतील, नाही म्हणत नाही. निवृत्त झालो तशी ही सगळी बडबड घरी आली आणि ती एकट्या बायकोच्या वाट्याला गेली. तिनं ती सोसली, हे तिचं मोठेपण.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट यायचा त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि जन्मात पहिल्यांदाच मला बोलायला काही सुचेना. आमचं दैवत पोखर्णीचा नृसिंह. मनातच त्याला म्हटलं, देवा, नारळ, अभिषेक सगळेच देतात. मी माझी सगळ्यांत लाडकी वस्तू देतो. रिपोर्ट चांगला येऊ दे, एक शनिवार सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. रिपोर्ट चांगला आला. गाठ साधीच निघाली. देवानं त्याचं काम चोख केलं, राहिलं ते माझंच.

पहिल्याच शनिवारी दूधवाल्यानं विचारलं, "काका, आज गप गप का? तब्येत बरी न्हाई का?" तर मी त्याला मौनाचं महत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी दुपारपर्यंत निभावलं आणि जेवून जरा लवंडलो, तर झोपेत बोललो. हे बायकोनंच सांगितलं, ती खोटं बोलत नाही. असे शनिवार वाया जात राहिले. बाहेरून मी हसत होतो, पण आतून भीती बसली. देवाचं देणं राहिलंय, आणि वसूल करायला तो हिच्याच अंगाला हात घालेल, असं काहीबाही मनात यायचं. हिला नुसता खोकला आला तरी मी रात्रभर तिचा श्वास ऐकत जागा राहायचो. हे मी कुणाला बोललो नाही. बघा, बोलायची तेवढीच एक गोष्ट होती, तीच बोललो नाही.

पावसाळा सरताना पुण्याच्या लेकीनं आईला हवापालट म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर, ऐन जंगलात एका घरी चार दिवस राहायचं ठरवलं. आमच्या भागात ढग म्हणजे वर बघायची गोष्ट. येईल का, थांबेल का, म्हणून मान दुखेपर्यंत बघायचं. इथं ढग दारातून आत आला, खाटेवर टेकला, उशी ओली केली आणि खिडकीतून निघून गेला. पाऊस नसतानाही झाडं टपटप गळत होती. बुटकी, वाकडी झाडं, आणि खोडांना हाताच्या जाडीचं शेवाळ, जणू प्रत्येकाला आईनं स्वेटर घालून पाठवलंय. फांद्यांवर नेचे, नेच्यांवर थेंब, थेंबात अख्खं जंगल उलटं. बायको अंगणात उभी राहून तोंड वर करून तो ढग अंगावर घेत होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. दवाखान्यानंतर तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, हीच जागा. इथं ना दूधवाला, ना फोन. उद्या शनिवार. देवाचं देणं इथंच फेडायचं.

सकाळी पाटीवर लिहून दोघींना कळवलं. लेक म्हणाली, "आई, पैसे वसूल झाले गं आपले!" घरमालक भला माणूस. त्यानं एवढंच बजावलं, "काका, पायवाट सोडू नका. ढगात कडा दिसत नाही. गवत दिसतं, अन् गवताखाली काही नसतं." मी मान डोलावली. मौनात मान डोलावणं फार सोपं असतं, ऐकलेलं डोक्यात शिरलंच पाहिजे असं काही नाही.

तिघंही रानात फिरायला निघालो. चालताना एक पाखरू शीळ घालू लागलं. शीळकरी कस्तूर म्हणतात त्याला, माणसासारखी शीळ, अगदी एखादा गडी गाणं विसरून पुन्हा पुन्हा आठवतोय तशी. आता शीळ म्हणजे बोलणं नव्हे, असा मी देवाशी मनातल्या मनात वाद घातला आणि जिंकलो. मीही शीळ घातली. त्यानं उत्तर दिलं. इतक्या तासांनी कुणीतरी माझ्याशी बोलायला तयार होतं! दोघींना वाटेवर सोडून मी शीळ घालत त्याच्यामागं गेलो, एका घळीला वळसा घालून पलीकडं पोचलो, आणि ढग उतरला. पाखरू गप्प झालं. पायवाट नाहीशी झाली.

मग त्या हाका. "अहो! कुठं गेलाव? अहो!" मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोललो तर नवस मोडतो, आणि नवस मोडला तर हिचं दुखणं परत येईल. नाही बोललो तर ही मला शोधत कड्याकडं येईल. दोन्हीकडून माप हिच्याच पदरात पडत होतं. शेवटी हुशारी केली आणि शीळ घातली. तर पलीकडून बायकोचा आवाज आला, "ऐक गं, पाखरू परत आलं. किती गोड बोलायलंय!"

थोड्या वेळानं लेक घरमालकाला आणायला मागं पळाली. तिचा आवाज लांब गेला आणि बायकोच्या हाकेत रडं आलं. तेव्हा माझी अक्कल पार संपली. मी हात जोडले आणि म्हटलं, नरहरी, मला कळत नाही, आता तूच बघ. मनात आपोआप आरती सुरू झाली आणि जोडलेले हात टाळ्या वाजवू लागले. मी ठरवून केलं नाही. ते सुचायला डोकं लागतं.

आता माझ्या टाळीबद्दल सांगायला हवं. पोखर्णीच्या देवळात आरतीला मी कायम अर्धी टाळी मागं असतो, मधेच एक गाळतो आणि पुढच्या दोन घाईनं वाजवतो. माझ्या शेजारचा चुकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि शेवटी घंटा वाजवणाराही घसरतो. तिथले म्हातारे गुरव अख्ख्या गर्दीत मला हुडकून डोळे वटारतात. बायको तर लाजून बायकांच्या घोळक्यात लांब जाऊन उभी राहते. तीच टाळी त्या ढगात वाजली आणि पलीकडून आवाज आला, "तुमीच हाव! असली टाळी दुसऱ्या कुणाची असायची न्हाई! वाजवत ऱ्हावा, मी आले!"

आणि ती निघाली. पायवाटेनं नव्हे, थेट टाळीच्या रोखानं. मधे घळ होती, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ती कुठल्या बाजूनं येतेय हे मला दिसत नव्हतं. त्याच क्षणी वाऱ्याचा एक झोत आला आणि ढग पडद्यासारखा बाजूला झाला. समोर पलीकडच्या काठावर ती उभी, एक पाय उचललेला, पुढं हिरवंगार गवत. गवताखाली काही नव्हतं.

"इंदू! थांब!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं, ऐकलं का' यावरच संसार झाला. ती पाय तसाच धरून थांबली, कड्यापेक्षा नावानंच जास्त दचकली असावी. दोन पावलं मागं सरकली आणि मटकन खाली बसली. ढग पुन्हा मिटला. तो वारा कुठून आला, तेव्हाच का आला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आला, एवढं मला ठाऊक आहे.

घरमालकानं मला वळशानं आणलं. मी तिच्या पायाशी बसून पोरासारखा रडलो. मौन मोडलं, आता तुझं कसं होणार, म्हणून सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या पायावरची जळू उपटून फेकली आणि म्हणाली, "माझ्यासाठी नवस केलाव, अन् माझ्याच हाकेला ओ देईनात? देवाला असलं गिऱ्हाईक कुठून मिळालं?" मग हसायला लागली. मलाही हसू आलं. लेकीला कळेना हसावं की भांडावं. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मी बोललो, झाडांशी, पाखराशी, घरमालकाच्या कुत्र्याशी, आणि सगळ्यांत जास्त इंदूशी. भीतीचंही सांगितलं. ढग येत होते, जात होते, आणि आम्ही एका शालीत बसून चहा पीत होतो.

मला त्या दिवशी एवढंच कळलं की मी देवाशी व्यवहार करत होतो, आणि देवाला व्यवहार येत नाही. त्याला फक्त देता येतं. माझ्या हातून जे धड कधी झालं नाही, तेच त्यानं कामाला लावलं, आणि जे मी मुठीत आवळून धरलं होतं ते अलगद सोडवून घेतलं. पुढच्या तपासणीलाही सगळं ठीक निघालं. मी काही नवस केला नव्हता. बाकावर तिचा हात धरून बसलो होतो.

परत आल्यावर आम्ही पोखर्णीला गेलो. मौन मोडल्याची कबुली द्यायची होती, म्हणून म्हाताऱ्या गुरवांना सगळं सांगितलं, पाटीपासून जळूपर्यंत, काही गाळलं नाही. मागं दर्शनाची रांग खोळंबली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं, अंगारा हातावर ठेवला आणि विचारलं, "नवस फेडायचाच हाय का अजून?"

"हो महाराज, सांगा तसं."

"मग आरतीला टाळ्या वाजवू नका."