मंगळूने मोजलेल्या फेऱ्या

मैदानावर मंगळूला कुणी शिपाई म्हणे, कुणी माळी, आणि बहुतेक जण नुसतंच "ए मंगळू!" नाशिकच्या त्या कॉलेजात तो अठरा वर्षं रोजंदारीवर होता. सकाळी सहाला येऊन पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या फक्कीने रेघा आखायच्या. रेघ अशी सरळ की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण कागदावर माणूस कच्चाच. दर मे महिन्यात त्याला पंधरा दिवसांचा ब्रेक द्यायचे. सलग नोकरी मोडली की कायम करायची कटकट मिटली, असा सगळा शहाणपणा! मंगळू तेवढे दिवस पेठकडच्या आपल्या पाड्यावर जायचा आणि जूनमध्ये निमूट परत यायचा. त्याची बायको आशा म्हणायची, "इतक्या वरसांत दगडाचा देव बी एका जागी बसला असता. तुम्ही काय बसत नाय."

लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजायचं काम मात्र मंगळूचंच. मैदान छोटं, एक फेरी तीनशे मीटरची, म्हणजे तीन हजार मीटरला दहा फेऱ्या. शिकली-सवरलेली माणसं कागदावर खुणा करता करता गोंधळायची. मंगळूची रीत पाड्यावरची. भाताचे भारे खळ्यावर यायचे तेव्हा त्याचा बाप दर भाऱ्यामागे एक चिंचोका टाकायचा. तसंच मंगळू फरशीवर खडूने प्रत्येकीचा चौकोन आखायचा आणि पोर समोरून गेली की तिच्या चौकोनात चिंचोका टाकायचा. नऊ झाले की घंटा, म्हणजे शेवटची फेरी. अठरा वर्षांत एक चूक नाही!

त्या वर्षी क्रीडा कोट्यातून मुलींसाठी एकच जागा होती. फी माफ, होस्टेल फुकट. निवड चाचणीला चौदा मुली आल्या. त्यात नामपूरची दीपमाला होती. बाप कांदा मार्केटात हमाल, आणि ही जागा मिळाली नाही तर पोरीचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. आणि तेजल होती, ठेकेदार महेशशेठची मुलगी. गेली दोन वर्षं ती याच मैदानावर सरावाला यायची. पळायला बरी होती, पण पहिली येण्यातली नव्हती.

आदल्या दिवशी क्रीडा शिक्षक खंडेराव सरांनी मंगळूला रोलरमागे बोलावलं.

"मंगळू, शेठ मैदानाला गॅलरी बांधून देतायत. वरून निरोप आहे. तेजलची एक फेरी वाढवून मोज."

"सर, म्या?"

"मुली विखुरल्या की कोण कितव्या फेरीत आहे हे तुझ्याशिवाय कुणाला कळतं? जुलैत तुझी कायमची ऑर्डर निघेल. माझा शब्द."

खंडेराव सर तसा वाईट माणूस नव्हता. मंगळूच्या आईच्या आजारपणात त्याने स्वतः दवाखान्याच्या खेपा घातल्या होत्या. म्हणून तर तोंडातून ‘नाही’ निघेना. मंगळू मुंडी खाली घालून म्हणाला, "बरं."

नावं ठेवायला सोपं आहे हो! अठरा वर्षं दुसऱ्याच्या दारात उभं राहून बघावं, मग बोलावं.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली. पाचव्या फेरीपर्यंत मुली पार विखुरल्या. दीपमाला सगळ्यांच्या पुढे, इतकी पुढे की आठव्या-नवव्याच्या सुमाराला तेजलला पूर्ण एका फेरीने गाठायला आली. आता बघणाऱ्याला वाटावं, तेजल चार पावलं पुढे आणि दीपमाला तिच्या मागे. खरं म्हणजे दीपमालाच्या नऊ होत आल्या होत्या आणि तेजलच्या आठ. सरांना हवा होता तोच मोका. तेजल समोरून गेली. मंगळूने घंटा हाणली आणि ओरडला, "तेजल, शेवटची!"

तेजलने पळता पळताच मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

ती फेरी पुरी करून तेजल दीपमालाच्या चार पावलं आधी रेघ ओलांडून गेली. सरांनी घड्याळ दाबलं, टाळ्या पडल्या. दीपमाला रेघेवर थांबली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. पण तेजल काही थांबेना! ती तशीच पुढे पळत राहिली.

"अगं, झालं! थांब!" सर ओरडले.

"नाही झालं सर, माझी एक बाकी आहे!"

पूर्ण फेरी मारून ती आली तेव्हा सहावी होती. धापा टाकत म्हणाली, "मी मोजल्यात. माझ्या नऊच झाल्या होत्या."

"तुझा गोंधळ झाला," सर म्हणाले. "मोजणाऱ्याला विचारू. काय मंगळू?"

सगळे फरशीभोवती जमले. आणि इथे मंगळूची फजिती झाली. घंटा त्याने खोटी वाजवली होती, पण जास्तीचा चिंचोका टाकायला साफ विसरला होता. जन्मभर पोर गेली की एक चिंचोका, एवढंच हाताला ठाऊक. आता तेजलने शेवटची फेरी मारली तेव्हाही हाताने आपसूक एक टाकला, आणि तिच्या चौकोनात बरोबर दहा भरले. सरांचं म्हणणं खरं असतं तर अकरा हवे होते. दीपमालाच्या चौकोनातही दहा. दीपमालाने वाकून मोजले आणि मंगळूकडे बघितलं.

सरांनीच वाट काढून दिली. "चुकून आधी वाजली का घंटा? होतं असं. माणूस आहे."

हो म्हटलं असतं की सुटला असता. शर्यत परत घेतली असती, ऑर्डरचं नंतर बघता आलं असतं.

"चुकून नाय सर," तो म्हणाला. "वाजीव म्हणून सांगितलं, म्हणून वाजीवली. ह्या पोरीचं खरं हाय. पहिली दीपमालाच."

चौदा मुली, त्यांचे आईबाप, सगळे सरांकडे बघायला लागले. सरांचा चेहरा पांढराफटक. एवढ्या लोकांपुढे निकाल फिरवायची आता कुणाची छाती नव्हती. जागा दीपमालाला गेली.

गर्दी पांगल्यावर तेजल पाण्याच्या टाकीजवळ त्याला गाठायला आली. रडून रडून डोळे लाल झाले होते. "काका, कुणी सांगितलं होतं? माझ्या पप्पांनी?"

मंगळूने फाटकाकडे बघितलं. महेशशेठ गाडीपाशी उभा होता, पोरीची बॅग खांद्यावर घेऊन.

"नाय गं बाय," मंगळू म्हणाला. "तुझ्या बापाला यातलं काय बी ठाऊक नाय. आमचंच कारस्थान, गॅलरीच्या लोभानं."

"खरं ना?"

"गळ्याशप्पत."

मे महिन्यात ब्रेक मिळाला आणि जूनमध्ये बोलावणं आलंच नाही. आशाने दोन दिवस चूल आपटली. "अठरा वरसं घातली आन् एका शब्दात घालवली! खरं बोलायचं खूळ तुम्हाला आत्ताच आठवलं?" मंगळू सगळं ऐकून घेत होता. तिसऱ्या दिवशी त्याने तेजलपाशी तिच्या बापासाठी खोटी शप्पत घेतली तेही सांगितलं, भीत भीतच, की आता आणखी एक शिवी बसणार.

आशाचा भाकरी थापणारा हात थांबला. मग त्याच्या ताटात गरम भाकरी टाकत म्हणाली, "त्येवढं मातर बरं केलंत."