गणपतला खेळू दिलं नाही

गणपत तांडेल गेल्याची बातमी मला क्लबच्या शिपायाने शाळेत आणून दिली. वर्गावर होतो. त्याने हातात नोटीस ठेवली. "क्लबचे इमानी सेवक श्री. गणपत तांडेल यांच्या दुःखद निधनाबद्दल शोकसभा..." माझ्या इथल्या अठरा वर्षांत क्लबातल्या एकानेही त्याला कधी 'श्री.' म्हटलं नव्हतं. शोकसभेत अध्यक्ष पंधरा मिनिटं बोलले. गणपत कसा नम्र होता, कसा कधी उलट बोलला नाही, बिलियर्डचं टेबल पोटच्या पोराप्रमाणे कसं जपलं. तो खेळायचा कसा, याबद्दल चकार शब्द नाही. मी दुसऱ्या रांगेत मुठी आवळून बसलो होतो. या गोष्टीला आता महिना होईल, पण राग उतरलेला नाही. त्यातला थोडा माझ्यावरचाही आहे, आणि तो का ते पुढे सांगतो.

मी मालवणात आलो ते हायस्कुलात गणित शिकवायला, पन्नासनंतर दोनेक वर्षांत. क्लबात साहेबाच्या वेळचं एक बिलियर्ड टेबल होतं आणि गणपत त्यावरचा मार्कर. गुण मांडायचे, चेंडू पुसायचे, कोळशाच्या इस्त्रीने हिरवं कापड एकाच दिशेने दाबायचं, हे त्याचं काम. घरचे सगळे होडीवर जाणारे. याचा एक पाय लहानपणी मोडून आखूड झालेला, म्हणून हा जमिनीवर राहिला. सभासद खेळायचे आणि तो भिंतीशी उभा राहायचा. कुणाला जोडीदार मिळाला नाही तरच त्याच्या हाती क्यू, म्हणजे खेळायची काठी, यायची.

मला खेळायला त्याने शिकवलं. सकाळी शाळेआधी क्लब रिकामा असे, तेव्हा. पहिल्याच दिवशी मी भूमितीचा तोरा दाखवला... चेंडू टेबलाच्या कडेच्या कुशनवर ज्या कोनात आदळेल त्याच कोनात परतेल, वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मग क्यूच्या टोकाला खडू लावला आणि पांढरा चेंडू कुशनवर सरळ मारला. तो सरळ परत आला. दुसऱ्यांदा तसाच, कुशनच्या त्याच जागेवर मारला. या वेळी तो परतताना चांगला हातभर उजवीकडे सरकला. मी चक्रावलो.

"मास्तरांनू, तुमचो कोन बरोबर आसा," तो म्हणाला. "पण चेंडू गिरकी घेत गेलो तर तो तुमचा कित्याक ऐकतलो? मी तेका उजव्या कुशीत मारलंय. कपाळार मारलास तर लाल चेंडवाक लागान पण फुडे धावतलो. पोटात मारलास तर मागे येतलो."

फळ्यावर वर्षानुवर्षं कोन काढणाऱ्या मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, की चेंडू कुठे जाणार हे नुसत्या दिशेवर ठरत नाही; तो स्वतःभोवती कसा फिरतो आहे यावरही ठरतं. पावसाळ्यात समुद्राची ओल कापडात उतरे, तेव्हा तो म्हणे, "आज लांबसून मागे ओढूक जाव नकात. ओल्या कापडार गिरकी वाटेतच मरता." सभासद मात्र फटका चुकला की टेबलाला शिव्या देत, नाहीतर गणपतला. तो मला अहोजाहो करी, मी त्याला अरेतुरे. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही.

अध्यक्ष नामांकित वकील. त्यांच्याबरोबर खेळताना गणपतला हरावं लागे, आणि तेही थोडक्यात. ते हरणं मी जवळून पाहिलं आहे. लाल चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटच्या ओठावर जाऊन थांबायचा. तो तिथे थांबवायला जी नजर लागते, ती आमच्यातल्या एकाकडेही नव्हती. "आज थोडक्यात हरलास गणपत," असं म्हणून अध्यक्ष त्याची पाठ थोपटत. तो हसून गुण मांडायला वळे.

साठनंतर कोल्हापूरच्या एका क्लबाने स्पर्धा ठेवली. प्रत्येक क्लबाने एक खेळाडू पाठवायचा, सोबत चिटणीसाच्या सहीचं पत्र. चिटणीस मी होतो. मी गणपतचं नाव लिहिलं, सही केली, पत्र त्याला दाखवलं. त्याने ते वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं आणि विचारलं, "ह्यां चलात?" मी म्हणालो, "चलतला!" माझ्या तोंडून तेवढंच मालवणी निघालं. तो पहिल्यांदाच दात दिसतील असा हसला.

अध्यक्षांनी पत्र पाहिलं. "मास्तर, पगारी माणूस क्लबाच्या नावावर खेळणार? मग उद्या आम्ही भिंतीशी उभं राहून गुण मांडायचे का?" चार-पाच सभासद हसले. गणपत तिथेच, कापडावर ब्रश फिरवत होता. अध्यक्ष आमच्या शाळेच्या समितीवर होते आणि माझी बढती व्हायची होती... मी ते पत्र घेतलं आणि सगळ्यांसमोर फाडलं. ब्रशचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

कोल्हापूरला अध्यक्षांचा पुतण्या गेला. क्यूची पेटी उचलायला गणपतला सोबत नेलं. पुतण्या पहिल्याच फेरीत हरला. परतल्यावर तो हसत सांगत होता, "गणपत लांबून खुणा करत होता, डावीकडे मारा, डावीकडे मारा. मी लक्षच दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबात गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. त्याने नेहमीप्रमाणे चेंडू मांडले. माझा फटका चुकला, पुन्हा चुकला. "क्यू घट्ट धरतास," एवढंच तो म्हणाला. माफी राहून गेली. पुढे सहा वर्षं राहूनच गेली. शेवटी त्याच्या छातीत कफ झाला तेव्हाही मी संत्री घेऊन गेलो आणि पावसापाण्याचं बोलून आलो.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, वहिनींनी, पडवीत बसायला पाट दिला. मी म्हणालो, "गणपतरावांवर चार ओळी लिहीन म्हणतो."

"सभेत काय सांगितल्यांनी ता माका कळला," वहिनी म्हणाल्या. "टेबल बरा पुसत, म्हणान. तुमी लिवशात तर खरां लिवा. तेंका खेळूक दिल्यांनी नाय, ता लिवा. आणि कागद कोणी फाडलो, ता पण."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"त्याच रात्री. जेवले नाय."

खाली पाहिलं तर पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर गणपतने क्यूच्या निळ्या खडूने काढलेल्या रेघा होत्या. लांबट चौकोन, त्याच्या कडांवर आदळून वळलेल्या रेघा, प्रत्येक फटक्याच्या सुरुवातीला एक लहान गोल आणि त्यात क्यू कुठे लागली त्याचा ठिपका. शेवटच्या गोलातला ठिपका डावीकडे होता; कोल्हापुरात पुतण्या जो डाव हरला, तोच असावा. शेवटची रेघ पॉकेटात गेली होती. वहिनींनी शेणाची बादली घेतली आणि सारवायला बसल्या. खडूच्या रेघांपाशी हात आला की त्या वीतभर जागा सोडत होत्या.