अज्ञानी लोकांचा धडा

माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा. शहरातल्या गढ्यातून रोज बसनं कुंडमकडच्या एका खेड्यातल्या हिंदी शाळेत पर्यावरण शिकवायला जाते. त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीला धडा वाचायला सांगितला. पुस्तकात होतं, ‘ग्रामीण लोग अज्ञानवश वनों को नष्ट करते हैं। उन्हें जागरूक करना हमारा कर्तव्य है।’ पोरगी तिथंच अडली.

“मुँह में दही जमा है क्या? पढ़ो!” मी खेकसले.

“मैडम, ये हम लोग हैं?”

“किताब में लिखा है। चुपचाप पढ़ो।”

ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आली नाही. एक हुशार पोरगी माझ्या तोंडापायी शाळेबाहेर गेली होती.

“कुढून काहून राहिली? चल, घेऊन येऊ तिला,” नवरा म्हणाला. रविवारी उजाडता उजाडता आमची कार तिच्या गावात. मायलेकी मोहाच्या झाडाखाली फुलं वेचताना भेटल्या.

अगं बाई गं! काय ते झाड! वारा नाही, काही नाही, आणि फुलं आपली टप टप पडून राहिलेली. खालची जमीन पिवळसर, गोड वासानं भरलेली. फांदीला कोणी हात लावत नव्हतं. पडलेलं तेवढंच उचलायचं, आणि पलीकडची बाजू तशीच सोडायची. “उधर का भालू का है,” पोरगी म्हणाली. वेचायच्या आधी तिची आई बुंध्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली होती.

“क्या बोलीं?”

“पूछा।”

वीस वर्षं हा विषय शिकवते, पण झाडाला विचारायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. मी येड्यासारखी वर बघत राहिले.

आईनं ओंजळभर फुलं माझ्या हातात दिली. “आपके घर कौन सा पेड़ है, मैडम?”

“नीम था। गाड़ी रखने के लिए कटवा दिया।”

“पूछा था?” पोरीनं विचारलं. अगदी साधेपणानं. नवरा कारकडे बघायला लागला.

“कल स्कूल आ जा,” मी एवढंच म्हणाले.

सोमवारी ती आली, मागच्या बाकावर बसली. मी पुस्तक उघडलं आणि ते वाक्य स्वतःच मोठ्यानं वाचलं. मग तिच्याकडे बघितलं.

“बेटा, उस दिन तूने पूछा था ना? ये तुम लोग नहीं हो। ये मैं हूँ।”