पहिल्या चाबीचा आवाज

"चाबी फिरवू नका. मी येऊन राहिलो."

सकाळी फोन केला की मिस्त्रींचं हे उत्तर ठरलेलं. गाडीला काय झालं, कधीपासून झालं, असलं काही ते विचारत नसत. रात्रभर उभी राहून थंड पडलेली गाडी पहिल्यांदा चालू होते, तेव्हा फॅन बेल्ट जे बोलतो तेच खरं. पुढे इंजिन तापलं की तो शहाण्या माणसासारखा गप्प बसतो, असं त्यांचं मत होतं. तुम्हालाही अनुभव असेल, घरी किंचाळणारी गाडी गॅरेजच्या दारात नेली की हूं की चूं करत नाही. त्यावर मिस्त्रींनी काढलेला उपाय असा, की गॅरेजनेच स्कूटरवर बसून गाडीच्या घरी यायचं.

अकोल्यातल्या आमच्या भागात असं एकही अंगण नसेल जिथे त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही. येताना पांढरा शर्ट. एका हातात लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आज आपण फक्त ऐकायला आलो आहोत, हात काळे करण्याचं काम दुपारी, हे त्या शर्टातून समोरच्याला कळावं अशी त्यांची इच्छा असे.

बॉनेट उघडलं की ते फिरत्या बेल्टवर, त्यांच्या भाषेत पट्ट्यावर, बाटलीतलं घोटभर पाणी टाकत आणि मान तिरपी करून उभे राहत. "पानी पेला अन् चूप झाला, त पट्ट्याचंच दुखनं. पानी पडल्यावर जास्त बोंबलला, त ढिला हाये. अन् पान्यानं काहीच फरक नाई पडला, त मंग बेअरिंग." हे व्याख्यान दर वेळी होई, आधी ऐकलं आहे असं सांगून उपयोग नसे. मग पेचकसाचं टोक एकेका पुलीच्या बुडाशी टेकवून मूठ कानाला लावायची. त्या वेळी घरातला मिक्सरसुद्धा बंद करावा लागे.

एवढं ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडात तीळ मात्र भिजत नसे. कोणत्या घरी नवराबायको चहा होईपर्यंत बोलत नाहीत, कोणाकडे पूजेची घंटा अजून सासूच्याच हातात आहे, हे सगळं आम्हाला बेल्टबरोबर फुकट मिळायचं. आमच्या घरचं काय काय कुठे पोचलं असेल, याचा विचार मी करत नसे.

चुकत नसत असंही नाही. पातूरच्या एका डॉक्टरांच्या गाडीत चिवचिव होत होती. मिस्त्रींनी पट्टा बदलला, पुली बदलली, टेन्शनर बदलला. शेवटी एअर फिल्टरच्या डब्यात चिचुंद्री बाळंत झालेली निघाली. ही फजिती त्यांनी लपवली नाही, उलट सगळ्यांना सांगत फिरले. पहिल्यांदा ऐकली तेव्हा पिल्लं चार होती. आमच्या ताईच्या लग्नात त्यांनीच पुन्हा सांगितली तेव्हा नऊ झाली होती.

आमच्याकडे ते येत ते बाबांच्या गाडीसाठी. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. दर रविवारी ते एकटे ती चालवत अमरावतीला ताईकडे जात. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर मी गाडी विकायचा विषय काढू लागलो होतो, आणि तो काढला की ते जेवता जेवता उठत.

एका हिवाळ्यात बाबांना गाडीत बारीक शीळ ऐकू येऊ लागली. मला येत नव्हती. माझ्या बायकोला येत नव्हती. "तुमचे कान बसले सारे," असं म्हणून बाबांनी मिस्त्रींना बोलावलं.

इथे आमच्या मोठ्या बाबांबद्दल, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. शेवटच्या काही वर्षांत त्यांना विहिरीवरचा पंप चालू असल्याचं ऐकू यायचं. तो बंद करायला ते भर दुपारी निघायचे. विहीर, वावर कधीच विकून झालं होतं. नंतर तर ते आपल्या बायकोला, मोठ्या आईलाही ओळखेनासे झाले. त्यांचं सगळं बाबांनीच केलं. त्यामुळे दुसऱ्या कोणाला ऐकू न येणारी ती शीळ बाबांना कसली वाटत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आपल्या गाडीत मोठा बिघाड निघावा, असं मनापासून वाटणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मिस्त्री आले. "जय भीम, काकाजी." पाणी टाकून झालं, पेचकस लावून झाला. "मले त काही येत नाई," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग पुन्हा. शेवटी एका सकाळी त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पट्टाच काढून हातात घेतला.

"बिना पट्ट्याची मिनिटभर चालते. करा चालू."

बाबांनी गाडी चालू केली.

"येते का आवाज?"

"येते," बाबा म्हणाले.

मिस्त्रींनी हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग खिडकीतून हात घालून चाबी मागे फिरवली. इंजिन थांबलं. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"आता?"

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "येते," ते म्हणाले. मला त्या क्षणी भीती वाटली, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहायचं मी टाळलं.

मिस्त्री फेरा घालून आले आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. "हा कानातला पट्टा हाये, काकाजी. डोक्यातला नाई."

"त्यात काय फरक हाये?" बाबांचा आवाज चढला.

"लय फरक हाये. मलेही येते. इंजनाच्या तोंडाशी जलम गेला माहा, चोवीस तास शीळ सुरू असते. रोज पयले मी आपली ऐकून घेतो. मंग गाडीचा आवाज ऐकतो. त्यातून आपली वजा केली का जे उरलं ते गाडीचं."

"अन् डोकं गेलं असंल त?"

"डोकं गेलेला मानूस असा कबूल होते का? तो मले शिव्या देते."

बाबा हसले. किती दिवसांनी हसले ते. मिस्त्रींनी पट्टा चढवला आणि चहा गार झाला म्हणून माझ्या बायकोवर चिडले. पुढे कानाच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

ही गोष्ट अर्थातच दोन दिवसांत सगळीकडे झाली. "काकाजी अन् मी, आमचा एकच बेल्ट," असं मिस्त्री चौकात सांगत होते. बाबा आधी भडकले. पण मग शेजारचे एक निवृत्त मास्तर हळूच येऊन म्हणाले की त्यांच्याही कानात रातकिडा बसला आहे, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणखी दोघे आले. बाबा त्यांना वजाबाकी शिकवू लागले. गाडी विकायचा विषय मी सोडून दिला.

मागच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. बाबा उन्हात मोक्षधामापर्यंत चालत गेले आणि सगळं आटोपेपर्यंत थांबले. घरी आल्यावर म्हणाले, "मानूस लय बोले, पन ऐके चांगलं." त्यानंतर रविवारी अमरावतीला निघताना ते गाडीत जरा जास्त वेळ नुसतेच बसत.

यंदा थंडी पडली आणि एका रविवारी गाडी खरोखर किंचाळली. मी दात घासत होतो, तसाच बाहेर आलो. बाबांनी काच खाली केली. त्यांचा हात स्टिअरिंगवर घट्ट होता.

"येते का रे तुले?"

"येते बाबा. जोरात येते."

"खरं सांग."

"अख्ख्या गल्लीले येऊन राहिला तो आवाज."

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतकं खूश मी त्यांना नातू झाला तेव्हाच पाहिलं होतं. त्यांनी गाडी बंद केली, दार उघडून बाहेर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"मंग पाहून काय राहिला? मिस्त्रीले फोन लाव."

आणि ते फाटकाशी जाऊन रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

ती नुसती सवय होती की दुसरं काही, हे मला विचारवलं नाही. मी नंबर न लावताच फोन कानाला धरला आणि घराच्या मागच्या बाजूला गेलो.