पाऊण पौंडाचा मग

विद्यार्थ्यांना द्यायचा प्रत्येक प्रकल्प सुलभाताई आधी शेजाऱ्याकडून करून घेत. परदेशातल्या या श्रूजबरी गावात आमची घरं समोरासमोर. त्यामुळे अकरा वर्षांत असे नऊ प्रकल्प माझ्या वाट्याला आले. मी विमा कंपनीत आकडेमोड करतो. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. "म्हणूनच तू हवास," त्या म्हणत. "तुला समजलं तर पोरांना समजेल. तू कंटाळलास तर प्रकल्प कचऱ्यात."

जवळच्याच एका लहान कॉलेजात त्या शिकवत. जीवशास्त्र, अकाउंटिंग आणि लेखन अशा तीन विभागांतली मुलं एका वर्गात बसवायची आणि सगळ्यांना एकच प्रश्न द्यायचा, असा त्यांचा कोर्स. का, म्हणून विचारलं की म्हणत, "वरण, भात, तूप वेगवेगळं वाढतात. पण जेवताना कालवावं लागतंच ना रे?"

नववा प्रकल्प मिठाचा. बर्फ पडला की तो वितळावा म्हणून आम्ही सगळे घरासमोरच्या ड्राइव्हवेवर मीठ टाकतो आणि ते वाहत मागच्या तळ्यात जातं. किती जातं, त्यानं तळ्याचं काय होतं आणि हे लोकांना कसं सांगायचं? मी दर बर्फाला मोजून मीठ टाकलं. कॉफीचा एक मग म्हणजे पाऊण पौंड. मी सहा मग टाकत होतो, चार पुरत होते. कागद त्यांच्या हातात दिला.

"आकडा चोख आहे. पुढे?"

"पुढे काय, ताई? उत्तर आलं की."

"उद्या बर्फ पडला तर किती टाकशील?"

"...चार."

"हां. आता झाला प्रकल्प."

त्या वर्षी ताई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्याबरोबर कोर्सही बंद करावा, असं कॉलेजात घाटत होतं. एप्रिलमध्ये तिघांची समिती मुलांचं सादरीकरण बघून निर्णय देणार होती. ताईंनी मला बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

अकाउंटिंगची केली नावाची मुलगी उभी राहिली. चाळीस घरं, घरटी चार मग, हिवाळ्यात वीस वेळा बर्फ; एकूण मीठ चोवीस हजार पौंड. माझा हात वर गेला. बायको म्हणते, तुझा हात तुझ्या आधी बोलतो. "एका बर्फाला एकशेवीस पौंड. वीस वेळा म्हणजे चोवीसशे. एक शून्य जास्त आहे."

केली लाल झाली. समितीतल्या एका बाईंनी पेन उचललं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ताई मात्र खुशीत उठल्या आणि केलीच्या हातात मार्कर दिला. "वेळ आहे. बघा."

केलीनं फळ्यावर हिशेब मांडला. जीवशास्त्राचा मार्कस कपाळावर हात मारून म्हणाला, "चोवीस हजार असते तर पाणी किती तरी खारट निघालं असतं! पाणी मीच तपासलं होतं. मी तुला का नाही विचारलं?" गावातल्या लोकांना पाठवायचं पत्र लिहिणारी लेखन विभागातली मुलगी ओरडली, "म्हणजे 'तुम्ही तळं मारताय' हे मी लोकांना खोटंच लिहिलंय!" तिघं भांडली, हसली, एकमेकांचे कागद ओढून वाचू लागली. अठरा मिनिटांत नवं पत्र तयार झालं: तळं अजून ठीक आहे, तसंच राहू द्या, चार मगांवर थांबा. समितीच्या बाईंनी पेन केव्हाच खाली ठेवलं होतं. कोर्स राहिला.

जूनमध्ये ताई दूरच्या ईडन प्रेरी गावी मुलीकडे राहायला निघाल्या. गाडीत खोकी ठेवताना मी मनातलं बोललो. "ताई, त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं. माझ्यामुळे कोर्स बंद पडायची वेळ आली होती."

"केलीची स्लाइड मी आदल्या दिवशीच पाहिली होती."

"मग मुलांना सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर केलीनं शून्य खोडलं असतं आणि घरी गेली असती. कालवलं कोणी असतं?"

"आणि मी बोललोच नसतो तर?"

ताई इतक्या हसल्या की त्यांना गाडीला टेकावं लागलं. "अरे, नऊ प्रकल्प करून घेतले तुझ्याकडून. दहावा न सांगता करशील, एवढी खात्री नको मला?"