माशाला लावलेलं सलाईन

वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं समुद्राचे मासे पाळू नयेत, हे मी आमच्या ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. समुद्र बघायचा तर आम्हाला रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पण नाही! देवळीच्या आमच्या घरात समोरच्याच खोलीत काचेची मोठी टाकी आली. तिला मीठ लागतं, आणि तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही, त्याची वेगळी बादली मागवावी लागते. पाणी गाळायचं मशीन दिवसभर घुरघुरतं. चार माणसं घरी आली तर बसवू कुठे, हा प्रश्न माझ्याशिवाय कोणाला पडत नाही.

तरी मी खपवून घेतलं, त्याला कारण होतं. हे बावीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि वर्ध्याच्या डेपोत टेबलावर बसवले गेले. तेव्हापासून घरात ‘हव’ आणि ‘नाई’ एवढेच दोन शब्द. टाकी आली तेव्हा कुठे थोडं बोलू लागले. त्यांच्याकडे जोकर माशांची जोडी होती, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली ती चार तास आलीच नाही, आणि जोडीतला एक गेला. उरलेला कोपरा धरून बसला, आणि हेही पुन्हा गप्प. म्हणून नवा जोकर येणार म्हटल्यावर मीही मनात म्हटलं, येऊ दे बाप्पा एकदाचा.

मी वर्ध्याला एका दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी रात्रपाळी करून निघाले तर ह्यांचा फोन. मासा चेन्नईहून विमानानं नागपूरला आला होता आणि तिथून ओळखीच्या ड्रायव्हरनं वर्ध्याला आणला होता. ह्यांना टेबल सोडून घरी जाता येत नव्हतं. पाय नुसते तुटत होते, तरी गेले स्टँडवर. हे थर्माकोलचा डबा उघडून, पाण्याची पिशवी उन्हाकडे धरून बघत होते. आत बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा मासा तुरुतुरु फिरत होता. कितीतरी दिवसांनी मी ह्यांचे दात पाहिले.

“आयक,” ते म्हणाले. “नव्यासाठी येगळी ठेवली हाय त्या छोट्या टाकीतलं पाणी म्या त्याच्या पाण्यासारखंच खारं करून ठेवलं हाय, इकणाऱ्याले फोनवर इचारून. पिशवी बंदच त्याच्यात तरंगत ठेवजो, अर्धा तास. मंग कापजो न मासा लगेच टाकीत सोडजो. पिशवी कापून ठेवून देजो नको. बंद हाय तोवर पाण्यातली घाण गप असते, हवा लागली का तिचं जहर होते...”

“हव हव, समजलं,” मी म्हटलं. देवळीची बस सुरू झाली होती. वीस वर्षं माणसांना जगवतेय, आणि हे मला बोटभर मासा पाण्यात सोडायला शिकवतात!

बसमध्ये डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, इंजेक्शनं हायत का? मागच्यानं विचारलं, आइसक्रीम हाय का? मासा म्हटलं तर म्हणतो कसा, “एवढ्या मोठ्या डब्यात एकच? कालवण कसं पुरंल मॅडम?” माझं डोकं आधीच दुखत होतं. विहारासमोर उतरून घरी येईपर्यंत आणखी तिघांना तेच सांगावं लागलं.

घरी सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. मी पिशवी छोट्या टाकीत तरंगत ठेवली. अर्धा तास झाला. कात्री घेतली, पिशवी कापली, आणि इथे माझ्यातली नर्स जागी झाली. दोन दिवस पिशवीत कोंडून आलेला जीव, त्याला एकदम नव्या पाण्यात टाकायचं? आमच्याकडे पेशंटला काहीही द्यायचं तर थेंबाथेंबानं. एकदम दिलं की रिॲक्शन! आमच्या ह्यांना गाडीतलं कळतं, अंगातलं काय कळणार?

मी मासा पाण्यासकट छोट्या बादलीत ओतला. घरात तारीख उलटलेला सलाईनचा कोरा सेट पडून होता. त्याचं एक टोक टाकीत बुडवलं, नळीनं पाणी ओढून घेतलं, दुसरं टोक बादलीत सोडलं आणि नळीवरची चकती फिरवून धार थेंबावर आणली. घड्याळ लावून मिनिटाचे थेंब मोजले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. वाटलं, संध्याकाळी ह्यांना दाखवीन, असं करतात काम.

“काऊन वं, त्यानं तर लगेच सोडाले सांगतलं नं?” सासूबाई म्हणाल्या. स्टँडवरून ह्यांनी त्यांनाही फोन केला होता.

“आई, तुम्ही तूर निवडा,” मी म्हटलं.

वीस मिनिटं मासा छान होता. मग त्याचे कल्ले भराभर हलायला लागले. तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेऊ लागला. वॉर्डात सलाईन चालू असताना पेशंटला धाप लागली की आम्ही काय करतो? पहिल्यांदा सलाईन हळू करतो. विचारसुद्धा करावा लागत नाही, हात आपोआप चकतीकडे जातो. माझाही गेला. थेंब निम्म्यावर आणले. धाप वाढली. मी आणखी हळू केलं.

“टाक वं त्याले तिकडं,” सासूबाई उठून जवळ आल्या. “तडफडून राह्यला तो!”

“आई, मला कळतं!” मी ओरडलेच त्यांच्यावर.

पाच मिनिटांत मासा आडवा झाला. तेव्हा मी त्याला ओंजळीत घेऊन टाकीत टाकला, पण तो तसाच आडवा तळाला गेला. पांढरे पट्टे तेवढे नीट दिसत होते. मी वेड्यासारखी फोनवर शोधत बसले, तर तिथे लिहिलेलं तेच, स्टँडवर ह्यांनी सांगितलेलं. पिशवी उघडली त्या क्षणापासून मासा स्वतःच्याच घाणीत जळत होता, आणि मी त्याची सुटका थेंबाथेंबानं लांबवत होते. इतका संताप आला स्वतःचा! आणि त्याहून जास्त ह्यांचा. नीट दटावून सांगता येत नव्हतं का? बस सोडून दे, आधी आयक, असं म्हणता येत नव्हतं?

मी बादली विसळली, सेट गुंडाळून फेकला. हे संध्याकाळी दारातूनच म्हणाले, “सोडला का?”

“मेलेलाच निघाला पिशवीतून,” मी म्हटलं. “बसमध्येच गेला असंल.”

सासूबाई सूप उचलून आत गेल्या.

हे टाकीजवळ गेले. तळाचा मासा बघितला. मग काचेवर त्यांनी पेनानं पाण्याची रेघ मारून ठेवली होती, तिथे बोट टेकवलं. पाणी रेघेच्या थोडं खाली होतं. तेवढं मी नळीतून बादलीत उतरवलं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि विकणाऱ्याला लावला. मेलेला मासा आला तर ते लोक दुसरा पाठवतात, मला माहीत होतं. मी दाराशी उभी राहिले, आता हे भांडणार, माझ्या खोट्यावर भांडणार.

“मासा पोचला,” ते म्हणाले. “चांगला आलता. मस्त फिरत होता. आमच्या हातून गेला. तुमची काई चूक नाई. नाई, नाई, बदली नका पाठवू.”

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. मला शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली. त्या गप्प बसण्याची मला इतकी चीड आली की मीच ओरडले, “बोला नं काहीतरी! मी मारला त्याले! सलाईनसारखं पाणी लावलं, थेंब मोजत बसले. मीच मारला!”

“तू कायले मारशीन,” ते म्हणाले. “तू माझं आयकलं नाई, एवढंच.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“हातातली गाडी सुटल्यापासून डेपोत कोणी आयकत नाई माझं. मले वाटलं, घरी तरी.”